होडीची पाठ कुजली तेव्हा

बाजारात मडके विकत घेताना आजी काय करते हे तुम्ही पाहिले असेल. ती मडके हातावर तोलून धरते, बोटाच्या पेराने त्यावर टकटक करते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर पैसे देते, बद्द आला तर मडके खाली ठेवते. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला ऐकू येते, हे तिला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाने शिकवलेले नसते. पण ती जे करते ते शंभर टक्के पदार्थविज्ञानच आहे.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे मी उन्हाळ्यात दोन महिने राहायला गेलो होतो. मिनेसोटा म्हणजे तळ्यांचा प्रदेश. लहानमोठी मिळून दहा हजारांहून अधिक सरोवरे या एका राज्यात आहेत. आपल्याकडे घरोघरी सायकल असावी तशी तिथे अंगणात होडी उभी असते. भाच्याने नुकतीच एक जुनी होडी स्वस्तात घेतली होती. १९७४ साली बांधलेली, सुमारे पाच मीटर लांबीची, काचतंतूंची म्हणजे फायबरग्लासची. बाहेरून ती इतकी चकचकीत होती की पन्नाशीची वाटत नव्हती. येत्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन पाण्यात उतरायचे, असे त्याने ठरवूनही टाकले होते.

मी सहज होडीच्या मागच्या बाजूला गेलो आणि आजीची आठवण होऊन बोटाने टकटक केली. वरच्या कोपऱ्यात आवाज टणक आला. मधोमध, जिथे इंजिन लटकते त्याच्या खाली, आवाज आला बद्द!

“मामा, तुम्ही आंबे तपासताय की होडी?” भाचा हसत म्हणाला. पण मग त्यानेही टकटक करून पाहिले, आणि त्याचे हसू मावळले.

होडीचा हा मागचा उभा भाग म्हणजे ट्रान्सम. आपण त्याला होडीची पाठ म्हणू. ही पाठ म्हणजे नुसती होडी बंद करणारी भिंत नव्हे. १९०९ साली मिलवॉकी शहरातल्या ओले एव्हिनरूड याने होडीच्या मागे अडकवायचे इंजिन विकायला सुरुवात केली. त्याआधीही होडीमागे लावायची इंजिने निघाली होती, पण लोकांच्या पसंतीला उतरले ते त्याचे. ते जेमतेम दीड अश्वशक्तीचे होते. पुढे अश्वशक्ती वाढत गेली, आणि ते सगळे ओझे व सगळा जोर या एका पाठीवर येऊन पडला. भाच्याच्या होडीचे इंजिन ४० अश्वशक्तीचे आणि सुमारे ७० किलोग्रॅम वजनाचे होते.

हा जोर किती असतो याचा अंदाज आपल्याला शाळेतल्या गणितानेच करता येईल. ४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॅट. पंख्याने पाणी मागे लोटताना यातली साधारण निम्मी शक्ती वाया जाते असे धरू. उरली १५ किलोवॅट. होडी ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने जात असेल, तर शक्तीला वेगाने भागले की बल मिळते. ते येते सुमारे १३५० न्यूटन, म्हणजे १३५ किलोग्रॅम वजनाइतके. पंखा खोल पाण्यात असतो आणि तिथून तो इंजिनाला पुढे ढकलतो.

आता गंमत पाहा. इंजिनाचा पाय खाली पुढे ढकलला जातो, मग त्याचे डोके कुठे जाईल? मागे! इंजिनाचे शिकंजे पाठीला जिथे खाली टेकतात तो झाला टेकू. पंख्याचा अक्ष या टेकूच्या ३५ सेंटीमीटर खाली आहे आणि वरचे बोल्ट टेकूच्या २५ सेंटीमीटर वर आहेत. शिवाय इंजिनाचे वजनही पाठीच्या मागे सुमारे २० सेंटीमीटरवर लोंबकळते आहे, तेही डोके मागेच खेचते. दोन्ही आघूर्णांची बेरीज करा : १३५ गुणिले ३५, अधिक ७० गुणिले २०. तिला २५ ने भागले की उत्तर येते २४५. म्हणजे वरचे दोन बोल्ट पाठीतून मागच्या बाजूला सुमारे २४५ किलोग्रॅमच्या ओढीने उपटले जात असतात, तेही शांत पाण्यात! लाटांवर आपटताना, किंवा गाडीमागे होडी बांधून खड्ड्यांच्या रस्त्याने नेताना ही ओढ किती तरी वाढते.

पाठ कुजलेली असेल तर एक दिवस बोल्ट आपल्याबरोबर पाठीचा तुकडा घेऊन बाहेर येतात. इंजिन तळाला जाते. त्याने केलेल्या भगदाडातून पाणी आत शिरते, आणि होडीत त्या वेळी कोण बसलेले असेल ते सांगता येत नाही. भाच्याची मुले नऊ आणि सहा वर्षांची होती. रविवारचा बेत त्याच क्षणी रद्द झाला.

काचेत लाकूड कशाला?

तुम्ही विचाराल, होडी काचतंतूंची होती ना, मग कुजले काय? काच कुठे कुजते का?

अगदी बरोबर प्रश्न आहे. काच कुजत नाही. काच वितळवून तिचे केसांहून बारीक तंतू काढण्याचा धंदा १९३० च्या दशकात अमेरिकेत भरभराटीला आला. त्याच सुमाराला पॉलिएस्टर रेझिन हा मधासारखा दाट द्रव रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आला. थोडे उत्प्रेरक रसायन घातले की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो दगडासारखा घट्ट होतो. काचतंतूंचे कापड या रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थापले की झाली होडी. १९४२ साली ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या रे ग्रीन याने अशी होडी करून दाखवली. नंतरच्या तीसचाळीस वर्षांत लाखो होड्या याच रीतीने बनल्या. आज आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही मागे इंजिन लावलेल्या लहान फायबरच्या होड्या दिसतात.

पण काचतंतूंच्या पातळ पत्र्यात एक उणीव आहे. तो तुटत नाही, मात्र सहज वाकतो. तो ताठ राहावा म्हणून जाड करायचा तर वजन आणि खर्च फार वाढतो. यावर कारागिरांनी युक्ती काढली. काचतंतूंची दोन पातळ कवचे, आणि त्यांच्या मध्ये प्लायवूड. भाच्याच्या होडीत प्रत्येक कवच ४ मिलिमीटर आणि मधले प्लायवूड ३८ मिलिमीटर जाडीचे होते.

एक छोटासा प्रयोग करा. दोनशे पानांची वही दोन्ही हातांत आडवी धरा आणि वाकवा. सहज वाकते ना? आता वहीची मोकळी कड नीट पाहा. आधी सरळ असलेली कड तिरपी झालेली दिसेल. याचा अर्थ प्रत्येक पान शेजारच्या पानावरून किंचित सरकले. आता वही सरळ करून तिची मोकळी कड चिमट्यांनी गच्च दाबून टाका आणि पुन्हा वाकवून पाहा. कागद तोच, पाने तेवढीच, पण वही आता हटवादी झालेली असेल. तुम्ही फक्त सरकणे थांबवलेत.

होडीच्या पाठीत मधल्या लाकडाचे काम नेमके हेच. पाठ वाकू लागली की एका कवचावर ताण येतो आणि दुसऱ्यावर दाब. लाकूड दोघांना एकमेकांपासून दूरही ठेवते आणि एकमेकांवरून सरकूही देत नाही. शिक्षकांसाठी थोडे गणित देतो. एक मिलिमीटर रुंदीची पट्टी घेतली तर सुट्या दोन कवचांचा द्वितीय आघूर्ण दोन गुणिले चाराचा घन भागिले बारा, म्हणजे १०.७ येतो. तीच कवचे ३८ मिलिमीटरच्या गाभ्याने पक्की जोडली, तर प्रत्येकाचा मध्य पाठीच्या मध्यापासून २१ मिलिमीटर दूर जातो आणि उत्तर ३५०० च्या वर जाते. लाकडाचा स्वतःचा ताठपणा हिशेबातच धरला नाही, तरी ताठपणा सुमारे ३३० पट!

म्हणजे पाठीचे बळ ना काचेत आहे, ना लाकडात. ते आहे दोघांच्या जोडणीत. लाकूड कुजून कवचापासून सुटले की बाहेरून होडी जशीच्या तशी चकचकीत दिसते, पण तिच्या पाठीचा ताठपणा शेकडो पटींनी ढासळत चाललेला असतो. टकटक केल्यावर आलेला बद्द आवाज या सुटलेल्या जोडणीचाच होता.

पाणी आले कुठून, गेले का नाही?

भाच्याने इंजिन उतरवले आणि बोल्टांच्या एका भोकात बोट घालून पाहिले. बोट काळे आणि ओले होऊन बाहेर आले. सगळा उलगडा तिथेच झाला. होडी बांधणाऱ्याने, आणि नंतरच्या मालकांनीही, पाठीला हवी तशी भोके पाडली होती. चार बोल्टांची, शिडीच्या स्क्रूंची, तळाशी साचलेले पाणी सोडायच्या नळीचे. प्रत्येक भोकात लाकडाची कड उघडी राहिली. तिथून लाकडाने वातीसारखे पाणी शोषून घेतले. दोन्ही बाजूंना काचेची कवचे असल्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर यायला वाटच नव्हती. ओला रुमाल डब्यात घालून झाकण लावावे, तसे हे झाले.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि ओल. अन्न म्हणजे लाकूडच. लाकडात कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून कमी पाणी असेल तर बुरशी वाढत नाही, म्हणून घरातला शंभर वर्षांचा वासा शाबूत राहतो. आणि लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेले असेल तर हवा मिळत नाही, म्हणून व्हेनिस शहर ज्या लाकडी खुंटांवर उभे आहे ते शतकानुशतके टिकून आहेत. घात होतो तो अर्धवट ओलीत. त्यातही गोडे पाणी अधिक वाईट, कारण मीठ बुरशीला मानवत नाही. समुद्रात चालणाऱ्या लाकडी होडीला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी जास्त कुजवते. (खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, तो वेगळा जाच.) मिनेसोटाची तळी जवळजवळ सगळी गोड्या पाण्याची. शिवाय तिथल्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. हिवाळ्यात बर्फ प्लायवूडचे थर उचकटणार आणि उन्हाळ्यात बुरशी ते खाणार. अशी पन्नास वर्षे!

आम्ही आतून चारपाच ठिकाणी बारीक भोके पाडून भुसा तपासला. वरच्या कोपऱ्यांत तो पिवळसर आणि कोरडा निघाला. मध्ये आणि खाली मात्र कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा आला. भाच्याला आता कुतूहल वाटू लागले होते. त्याने एक तुकडा तोलला, तो भरला ९०० ग्रॅम. मग गॅरेजमधल्या एका जुन्या छोट्या भट्टीत शंभर अंशांच्या थोडे वर, वजन उतरायचे थांबेपर्यंत तो वाळवला. उरले ४१० ग्रॅम. म्हणजे ४१० ग्रॅम लाकडात ४९० ग्रॅम पाणी होते. लाकडातली ओल कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात, म्हणून इथे ती सुमारे १२० टक्के झाली. शंभराच्या वर टक्के कसे, म्हणून गोंधळू नका. लाकडापेक्षा पाणीच जास्त होते.

दुरुस्ती करून देणाऱ्या एका कारखान्यात विचारले, तर त्यांनी होडीच्या किमतीहून मोठा आकडा सांगितला. भाचा म्हणाला, “घरीच करू.” मला शंका होती, पण मी गप्प बसलो.

पहिले काम होडीला खालून सर्वत्र सारखा आधार देण्याचे. पाठीतले लाकूड काढले की होडीचा मागचा भाग कागदी खोक्यासारखा लुळा पडतो. त्या अवस्थेत तो पिळला गेला तर नव्या लाकडाने तसाच वाकडा कायम होतो. मग भाच्याने आतले कवच कापले आणि कडेने हातभर नव्हे, पण चांगली चार बोटे पट्टी शिल्लक ठेवली. बाहेरच्या कवचाला त्याने हात लावला नाही, कारण होडीचा मूळ आकार तेच धरून होते. मधले लाकूड हातांनी मुठीमुठीने निघाले. वरच्या कोपऱ्यांतले मात्र पटाशी आणि हातोडी घेऊन दोन दिवस झगडल्यावर सुटले. पन्नास वर्षांपूर्वीची जोडणी कोरडी राहिली तिथे ती अजून इतकी पक्की होती!

नंतरचे काम मला सर्वांत कंटाळवाणे वाटले, पण खरे महत्त्वाचे तेच. बाहेरच्या कवचाचा आतला पृष्ठभाग घासून खरखरीत करायचा. का? ओले रेझिन ओल्या रेझिनवर लावले तर दोघांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. पण जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनमध्ये जोडणीला हात पुढे करणारे रेणू फारसे उरलेलेच नसतात. नव्या थराने तिथे नुसते चिकटून राहायचे असते. त्यासाठी त्याला स्वच्छ आणि ओरखड्यांनी भरलेला पृष्ठभाग द्यावा लागतो. रंगारी जुन्या रंगावर आधी पॉलिशपेपर का मारतो, हे आता तुमच्या लक्षात येईल. आणि अशा ठिकाणी पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी रेझिन जास्त चांगले चिकटते व घट्ट होताना कमी आकसते, म्हणून ते महाग असूनही आम्ही तेच आणले.

या घासण्यात जी धूळ उडते ती साधी धूळ नव्हे. ते काचेचे तुकडे आहेत. ते कातडीत टोचून दिवसभर खाज आणतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात. भाच्याने अंगभर बंद कपडे, चष्मा आणि धूळ गाळणारा मुखवटा घातला आणि मुलांना गॅरेजची बंदी केली. इपॉक्सीची तऱ्हाही तशीच. ते पुन्हा पुन्हा हाताला लागले तर शरीराला त्याचे वावडे उत्पन्न होते, आणि ते जन्मभर जात नाही. म्हणून हातमोजे घातल्याशिवाय डब्याला शिवायचे नाही. विद्यार्थी मित्रांनो, वहीचा प्रयोग तुम्ही खुशाल करा. रेझिनचे काम मात्र जाणत्या माणसाशिवाय करू नका.

नवे लाकूड म्हणून १९ मिलिमीटरचे मरीन प्लायवूडचे दोन तक्ते आणले. मरीन म्हणजे ते कुजत नाही असे नव्हे. हा गैरसमज फार आहे. त्याचे थर जोडणारा गोंद पाण्याला दाद देत नाही आणि आत पोकळ्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या आयएस ७१० या मानकात अशा प्लायवूडचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीला लावतात. पुठ्ठ्याचा नमुना करून तक्ते त्या आकाराचे कापले आणि त्यांच्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोनतीन हात दिले. कडेलाच लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात, पाणी पितात ती तीच.

इपॉक्सीचे दोन डबे येतात, रेझिनचा आणि हार्डनरचा. आमच्या डब्यांवर प्रमाण होते पाचास एक. भाच्याला वाटले, हार्डनर थोडा जास्त घातला तर काम लवकर उरकेल. मी त्याला अडवले. पॉलिएस्टरमध्ये घालतात ते रसायन नुसती क्रिया सुरू करून देते, त्यामुळे ते मर्यादेत कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीचा हार्डनर मात्र स्वतः त्या साखळीतला एक दुवा आहे. त्याच्या प्रत्येक हाताला रेझिनचा एक हात मिळाला पाहिजे. जास्त घातला तर उरलेले हात रिकामेच राहतात आणि माल कधीच नीट घट्ट होत नाही. रसायनशास्त्राच्या तासाला समीकरणे तोलताना तुम्ही कंटाळता ना? इथे ते समीकरण बादलीत तोलायचे होते.

प्रमाण बरोबर झाले, पण फजिती टळली नाही. भाच्याने सगळे एकदम, जवळजवळ लिटरभर, एका खोल बादलीत कालवले. इतक्यात कोणीतरी दारावर आले म्हणून तो गेला. पंधरावीस मिनिटांनी बादलीतून धूर निघू लागला. हात लावायची सोय नव्हती, आणि आतला माल फसफसून दगड झालेला! ही जोडणीची क्रिया उष्णता देणारी आहे. खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो, त्याने आणखी उष्णता निर्माण होते, आणि चक्र सुरू होते. बादली लांब दांड्याने अंगणात ढकलून दिली आणि दूर उभे राहून पाहत बसलो. पुढच्या वेळी त्याने थोडे थोडे कालवले आणि पसरट ताटलीत ओतले. गरम भात पातेल्यात ठेवला तर तासभर निवत नाही, परातीत पसरला की लगेच निवतो, तेच हे.

लाकडाला आधी पातळ रेझिन पाजले. मग सिलिकाची भुकटी घालून श्रीखंडासारखे दाट केलेले रेझिन दातेरी पट्टीने फासले आणि तक्ते शिकंज्यांनी आवळले. फार करकचून नाही, नाहीतर सगळा माल बाहेर सांडून सांधा उपाशी राहतो. कडेने सर्वत्र सारखा माल ओघळला की आत हवा अडकलेली नाही अशी खात्री होते. दुसऱ्या दिवशी कोपरे लांबी भरल्यासारखे गोल करून घेतले. काचतंतू काटकोनात वळत नाहीत. तिथे ते उचलले जातात आणि खाली पोकळी राहते. शिवाय टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो.

आतल्या बाजूला काचकापडाचे नवे थर दिले. शिल्लक ठेवलेल्या जुन्या पट्टीची कड घासून जाडीच्या बारा पट रुंदीचा उतार केला होता, म्हणजे ४ मिलिमीटरला जवळजवळ ५ सेंटीमीटर. उभ्या कडेला कड भिडवली असती तर सगळे बल एका रेषेतून गेले असते. उतारावर ते पसरून हळूहळू एका थरातून दुसऱ्यात जाते. दुसऱ्या दिवशी वर मेणासारखा ओशट थर आलेला दिसला. तो इपॉक्सीचाच, साध्या पाण्याने धुतला की जातो. न धुता वर रंग दिला तर रंग सुटून येतो.

राहिली भोके. भाचा ड्रिल घेऊन १३ मिलिमीटरची चार भोके पाडायला निघालाच होता. तसे केले असते तर पन्नास वर्षांची कथा पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली असती! आम्ही आधी २५ मिलिमीटरची भोके पाडली, ती दाट इपॉक्सीने पूर्ण भरून घट्ट होऊ दिली, आणि मग त्या भरावाच्या मधोमध १३ मिलिमीटरचे भोक पाडले. आता बोल्टाभोवती ६ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे कडे आहे. बोल्टाजवळचे चिकटद्रव्य उद्या सुटले आणि पाणी आत आले, तरी त्याला लाकूड भेटत नाही. तळाच्या नळीचेही असेच केले. साऱ्या दुरुस्तीत सर्वांत कमी वेळ घेणारे काम हे होते.

सुरुवातीलाच आम्ही एक माप घेऊन ठेवले होते. पाठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधला होता. भाच्याने इंजिनाचा पाय हातांनी वर उचलून सोडला, तेव्हा मधोमध दोरा आणि पाठ यांच्यातले अंतर ८ मिलिमीटरने बदलत होते. इंजिन पुन्हा बसवल्यावर तोच दोरा बांधला, पाय उचलला, सोडला. मी पट्टीला डोळा लावून बसलो होतो. फरक दिसला नाही. मग नऊ वर्षांच्या मुलाने पाठीवर बोटाने टकटक करून कान लावला आणि आपल्या बापाकडे पाहून मान हलवली.

माझ्या परतीच्या आधल्या रविवारी होडी पाण्यात गेली. भाचा आता दर ऑक्टोबरमध्ये होडी झाकून ठेवण्यापूर्वी वरचा एक बोल्ट काढतो, भोकात कागदाची गुंडाळी घालून बाहेर काढतो आणि ती कोरडी आहे का ते पाहतो.